सायकलवाल्याने लाल दिव्याला थांबायलाच हवं का?

चौक रिकामा, समोर लाल दिवा, चारही बाजूंना चिटपाखरू नाही. सायकलवर बसलेल्या माणसाने थांबायचं की निघायचं? रोज सायकलने कामाला जाणाऱ्यांत या प्रश्नावरून जेवढे वाद होतात तेवढे टायर आणि गिअरवरूनही होत नसतील. एक बाजू म्हणते, कायदा म्हणजे कायदा, तो सगळ्यांना सारखा. दुसरी म्हणते, हे नियम मोटारींसाठी केलेले आहेत, सायकलने ते निमूटपणे का पाळायचे? माझं उत्तर पहिल्या बाजूचं आहे, पण ती बाजू जी कारणं देते ती माझी नाहीत.

तिचं एक नेहमीचं कारण असं, की एकाने सिग्नल तोडला की सगळे सायकलवाले बदनाम होतात. हे मला अजिबात पटत नाही. एखादा मोटारवाला सुसाट गेला म्हणून कुणी तमाम मोटारवाल्यांना जाब विचारत नाही. मग सायकलवाल्यानेच सगळ्या सायकलवाल्यांची अब्रू पाठीवर घेऊन का फिरावं? उलट दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात बरंच तथ्य आहे, आणि ते आकड्यांत मांडता येतं. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो, वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे गतिज ऊर्जा साधारण १,४०० ज्यूल. दीड टनाची मोटार ताशी ५० ने जात असेल तर हाच आकडा १,४५,००० च्या घरात जातो. शंभरपट. एवढा फरक असलेल्या दोन वाहनांना एकच नियम लावला की तो एकाला सैल आणि दुसऱ्याला घट्ट होणारच.

थांबण्याची किंमतही दोघांना वेगळी पडते. थांबलेल्या सायकलला पुन्हा ताशी २० वर आणायचं म्हणजे ते १,४०० ज्यूल पायांनी परत मिळवायचे. सपाटीवर शांतपणे पायडल मारणारा माणूस १०० वॉटच्या आसपास काम करतो. म्हणजे एका थांब्यात १४ सेकंदांची मेहनत ब्रेकच्या रबरांत जिरते. दर दोनशे मीटरला थांबावं लागलं तर रस्ता जवळजवळ दीडपट लांब झाल्यासारखा वाटतो. मोटारवाल्याला यासाठी फक्त पावलाचा दाब बदलावा लागतो. सायकलवाला सिग्नल तोडतो तो बहुतेक वेळा माज म्हणून नाही, तर हे शरीराला कळत असतं म्हणून.

तरीही थांबायचं, याचं कारण असं की रस्त्यावर कुणीच दुसऱ्याच्या प्रत्येक हालचालीकडे बघत नसतो. कुणी कुठून येईल, कुठे थांबेल याचा प्रत्येकाने अंदाज बांधलेला असतो आणि नजर फक्त तिथेच फिरते. वाहतुकीचा नियम म्हणजे हा सामाईक अंदाज. माझ्याबद्दलचा अंदाज चुकला तर समोरचा सावध असूनही मला पाहत नाही. त्याने हयगय केली असं म्हणता येत नाही, त्याने बघायला हवं तिथे बघितलेलंच असतं.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते राँग साइडने जाण्यात. (इथे वाहतूक डाव्या बाजूने चालते असं धरलं आहे. उजव्या बाजूने चालत असेल तर बाजू उलट करून वाचा.) अनेकांना मनापासून वाटतं की समोरून येणारी गाडी दिसत असेल तर आपण जास्त सुरक्षित आहोत, पाठीमागून येणारी दिसत नाही तीच घात करते. आता गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारी मोटार डोळ्यांसमोर आणा. जवळच्या लेनमधली वाहनं तिच्या उजवीकडून येणार, म्हणून चालकाची मान उजवीकडे असते. उजवीकडे मोकळं दिसलं की तो निघतो, आणि मान सरळ होईपर्यंत गाडीचं नाक रस्त्यात आलेलं असतं. राँग साइडवाला सायकलस्वार येतो डावीकडून, अगदी कडेने, म्हणजे त्या नाकाच्या बरोबर समोर.

वेगाचं गणितही तसंच आहे. मोटार ५० ने आणि सायकल २० ने एकाच दिशेला जात असतील तर त्या ताशी ३० ने जवळ येतात, आणि ५० मीटरवर सायकल दिसली तर चालकाच्या हातात ६ सेकंद असतात. समोरासमोर असतील तर ७० ने जवळ येतात आणि अडीच सेकंद उरतात. शिवाय एका दिशेला असताना मोटारीला वेग कमी करून मागे राहता येतं. समोरासमोर असताना मागे राहणं नावाची गोष्टच नसते, कुणीतरी एकाने बाजूला सरकलं पाहिजे. तो सरकतो कुठे? सायकलवाला सरकला तर भर वाहतुकीत, मोटार सरकली तर शेजारच्या लेनमध्ये. आणि योग्य बाजूने दुसरी सायकल येत असेल तर त्या बिचारीला कडेने सरकायला जागाच उरत नाही. शंभर मीटर पुढच्या, दुभाजकातल्या फटीपर्यंत जाऊन वळून यायला चाळीसेक सेकंद लागतात. ते वाचवण्यासाठी एवढं पणाला लावणं मला कधीच समर्थनीय वाटलेलं नाही.

लाल दिव्याचं जरा गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे नियम काटेकोर पाळूनही सायकलवाला संकटात येऊ शकतो. ताशी ५० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पिवळा दिवा साधारण ३ सेकंद असतो. त्यानंतर बऱ्याच चौकांत सगळ्याच दिशांना १–२ सेकंद लाल ठेवतात, म्हणजे आत असलेल्यांनी बाहेर पडावं. हा वेळ मोटारीच्या वेगावरून काढलेला आहे. चौक २५ मीटर रुंद असेल आणि पिवळा संपता संपता तुम्ही ताशी १५ ने आत शिरलात, तर बाहेर पडायला ६ सेकंद लागतात. दोन सेकंदांनी आडव्या दिशेला हिरवा मिळतो आणि तुम्ही आणखी ४ सेकंद चौकाच्या मधोमध असता. पहिल्या लेनमधल्या बसने तुम्हाला झाकलं असेल तर तिच्या पलीकडून सुटलेल्या दुचाकीला तुम्ही दिसतच नाही.

म्हणून पिवळ्याला सायकलवाल्याने मोटारवाल्यापेक्षा कडक असायला हवं. ताशी २० ने जाताना भान येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात साडेपाच मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागले तर पुढच्या चार मीटरमध्ये सायकल थांबते. धरा दहा. पावसात रिमवरचे ब्रेक आधी पाणी पुसतात, मग पकडतात, तेव्हा पंधरा धरावेत. स्टॉपलाइन याहून लांब असेल आणि पिवळा लागला तर थांबायचं, तिथे दुसरा विचार नको. पावसात चौक जवळ आला की रबरं रिमला हलकी टेकवून दोन-चार फेरे होऊ द्यावेत, म्हणजे ऐन वेळी पकड तयार असते.

पुष्कळ लोक लाल असतानाच निघतात ते घाईमुळे नाही, भीतीमुळे. हिरवा लागला की मागच्या गाड्या अंगावर येणार, त्याआधी सटकलेलं बरं, असा तो हिशोब असतो. भीती खरी आहे, उपाय मात्र दुसरा आहे. डिरेलर गिअरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी) सायकल असेल तर चेन फिरत असतानाच गिअर बदलतो, उभ्या सायकलला नाही. त्यामुळे थांबण्याच्या पंधरा-वीस मीटर आधी, पायडल मारता मारताच, दोन-तीन गिअर हलके करून घ्यायचे. (गिअर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत असतील तर उभ्या उभ्याही बदलतात.) थांबल्यावर ज्या पायाने निघायचं ते पायडल घड्याळाच्या दोनच्या काट्यावर आणून ठेवायचं. एवढं केलं की पहिल्या दाबातच सायकल न डगमगता पुढे निघते. जड गिअरमध्ये अडकलेला माणूस पहिले तीन मीटर नागमोडी जातो, आणि मागच्या चालकाचा हात हॉर्नवर जातो तो नेमका तेव्हा. उभं राहायचं लेनच्या मध्याजवळ, कडेला चिकटून नाही. कडेला उभं राहिलं की शेजारी मोटार येऊन थांबते आणि मग दोघांना एकाच फटीतून एकदम निघायचं असतं.

थांबण्याचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात मोठं. चौक रिकामा आहे हे ठरवतो कोण? सायकलवाल्याचे डोळे. पण लाल दिव्यात रस्ता ओलांडणाऱ्यांत असा माणूस असतो ज्याला सायकल दिसत नाही, तो कानांवर चालतो. सिग्नलचा टिकटिक आवाज बदलला, इंजिनं थांबली, की तो पाऊल टाकतो. सायकलला आवाज नसतो. त्याच्या पांढऱ्या काठीपुढून तुम्ही सफाईने, पूर्ण ताबा ठेवून निघून गेलात तरी त्याला कळतं ते एवढंच, की काहीतरी अंगाजवळून गेलं आणि आपला हिरवा दिवा भरवशाचा नाही. पुढच्या वेळी तो जरा जास्त वेळ काठावर उभा राहतो. हेच वय झालेल्यांचं आणि लहान मुलांचं. मोटारीपुढे दुबळा असणारा सायकलस्वार पायी माणसापुढे मोटारच असतो, हे विसरून चालत नाही. फुटपाथवरून सायकल दामटण्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. जिथे फुटपाथ दोघांसाठी आहे असं लिहिलेलं असेल तिथे चालण्याच्या वेगाने, ताशी ५–६ ने जावं, आणि घंटी पाठीशी येऊन नव्हे तर वीसेक मीटरवरून वाजवावी. बाकी ठिकाणी उतरावं. बहुतेक देशांच्या कायद्यात सायकल हाताने ढकलणारा माणूस पादचारी धरला जातो, आणि ही सोय फार उपयोगाची आहे.

आता नियम बदलण्याविषयी. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ता वाहतूक कराराने सायकल हे वाहन आणि सायकलस्वार हा चालक ठरवला. ते योग्यच होतं, त्यामुळे रस्त्यावरचा हक्क निर्विवाद झाला. पण वाहन म्हटलं की मोटारीचे सगळे नियम आपोआप आले. त्यातले काही सायकलला शोभत नाहीत हे अनेक सरकारांनी पुढे मान्य केलं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलवाल्यांना स्टॉपच्या पाटीवर पूर्ण न थांबण्याची मुभा दिली. वेग कमी करायचा, ज्याचा हक्क आहे त्याला जाऊ द्यायचं आणि मग पुढे जायचं. लाल दिव्यावर मात्र तिथे आधी पूर्ण थांबावं लागतं, मग रस्ता मोकळा असेल तर निघता येतं. कितीतरी वर्षं ते राज्य एकटंच होतं. २०१७ मध्ये डेलावेअरने स्टॉपच्या पाटीपुरती, तीही एक-दोन लेनच्या रस्त्यांवर, अशीच सवलत दिली आणि लाल दिव्याला हात लावला नाही. नंतर ऑरेगन, वॉशिंग्टन, युटा, कोलोरॅडो अशी राज्यं येत गेली.

युरोपने वेगळी वाट धरली. पॅरिसमध्ये ठरावीक सिग्नलांवर एक छोटी त्रिकोणी पाटी असते, तिच्यावर सायकल आणि बाण. ती असेल तिथे सायकलवाल्याने लाल असतानाही बाणाच्या दिशेने, पादचाऱ्यांना आधी जाऊ देऊन, वळायचं. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये अशा पाट्या आहेत. जर्मनीने २०२० मध्ये सायकलींपुरता हिरवा बाण आणला, स्वित्झर्लंडने २०२१ मध्ये अशीच पाटी आणली. एकेरी मार्गांचंही तसंच. फ्रान्सने २००८ मध्ये ताशी ३० च्या टापूतल्या एकेरी रस्त्यांवर सायकलला उलट दिशेने जाणं सर्रास खुलं केलं.

मघाशी मी राँग साइडवर एवढं तोंडसुख घेतलं, मग हे कसं चालतं? चालतं, कारण तिथे गल्लीच्या तोंडाशी पाटी असते, रस्त्यावर उलट दिशेचा बाण रंगवलेला असतो आणि वाहनांचा वेग ३० वर आणलेला असतो. गल्लीतून निघणाऱ्या चालकाला दोन्हीकडे बघायचं हे माहीत असतं. म्हणजे आधी सगळ्यांचा अंदाज बदलला, मग सायकलवाल्याची चाल बदलली. आपल्या मनाने नियम मोडणारा हीच गोष्ट उलट्या क्रमाने करतो: चाल बदलतो आणि अंदाज जुनाच ठेवतो. आयडाहोचं मला पटतं, पण ते आयडाहोत. कायदा बदलण्याआधीच दुसरीकडे कुणी तसं वागत असेल तर त्याला आयडाहोचा आधार घेता येत नाही.

काटेकोर नियम पाळायचे म्हणजे अंग चोरून कडेने जायचं, असा एक समज आहे. बहुतेक ठिकाणी कायदा असं काही सांगत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्ता वापरण्याच्या नियमपुस्तिकेत, जानेवारी २०२२ पासून उलट सल्ला आहे: शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि चौक जवळ आल्यावर लेनच्या मध्यातून चला, आणि वर्दळीच्या रस्त्यावर कडेपासून निदान अर्धा मीटर सोडा. उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीइतकं, म्हणजे मीटरभर, अंतर ठेवा हेही त्यात आहे. उघडलेल्या दाराची कड हँडलच्या टोकाला लागली की हँडल दाराकडे वळतं आणि माणूस विरुद्ध बाजूला, म्हणजे भर रस्त्यात फेकला जातो. मागून येणाऱ्या गाडीने ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवावं ही अपेक्षाही त्याच कोडमध्ये आहे, आणि जर्मनीत तर शहरात दीड व शहराबाहेर दोन मीटर असं २०२० पासून कायद्यानेच ठरलं आहे. कडेने सरपटणाऱ्याला हे अंतर कधी मिळत नाही, कारण मोटारवाल्याला वाटतं याच लेनमधून निघून जाता येईल.

एका बाबतीत तर कायदा परवानगी देत असला तरी करू नये असं मी म्हणेन. चौकात थांबलेल्या ट्रकच्या डावीकडची फट. काही ठिकाणी तिथे सायकलसाठी चक्क पट्टा आखलेला असतो. लांब ट्रक डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने येत नाहीत, ती आतून, कोपरा कापत येतात. त्यासाठी जागा मिळावी म्हणून चालक आधी थोडा उजवीकडे सरकतो. त्यामुळे डावीकडची फट मोठी होते आणि सायकलवाल्याला वाटतं, वाट दिली. मग ट्रक वळतो आणि ती फट मिटत जाते. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. मागे थांबावं, दहा सेकंद जाऊ द्यावेत.

हाताच्या इशाऱ्याबाबत थोडी मोकळीक रास्त आहे. खड्ड्यातून, उतारावर, ब्रेक दाबलेला असताना एक हात हवेत धरून ठेवणं धोक्याचं असतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या कायद्यांत अशा वेळी इशारा सतत देण्याची सक्ती नाही. वळणाच्या वीस-तीस मीटर आधी मागे बघावं, दोन-तीन सेकंद हात स्पष्ट दाखवावा आणि वळताना दोन्ही हात हँडलवर असावेत. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल आणि लेन बदलायचं धाडस होत नसेल तर सरळ पलीकडे जावं, तिथल्या कोपऱ्यात सायकल वळवून उभी करावी आणि त्या बाजूच्या हिरव्या दिव्यावर निघावं. डेन्मार्कमध्ये लांबच्या बाजूला वळायची सायकलसाठी हीच रीत आहे, मधून आडवं वळणं तिथे चालत नाही.

दिवे आणि ब्रेक यांबद्दल फार लिहीत नाही, पण मागचा लाल दिवा जॅकेटच्या टोकाखाली किंवा कॅरिअरवरच्या पिशवीआड गेलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो, हे रोज दिसतं. बसून, पिशवी लावून, कुणाला तरी मागून बघायला सांगावं. पुढच्या दिव्याचा झोत दहा मीटरवर रस्त्यात पडावा, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. ब्रेकची मूठ हँडलला टेकेपर्यंत येत असेल तर केबल ताणून घ्यायची, आणि टोकाशी तिची एक जरी तार सुटलेली दिसली तर नवीच घालायची.

शेवटी तो सिग्नल, जो सायकलला हिरवा होतच नाही. काही चौकांत डांबरात चौकोनी खाच पाडून तारेचे वेढे पुरलेले असतात आणि त्यांतून सेकंदाला दहा हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडलेला असतो. वर धातू आला की वेढ्याचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) बदलतं आणि यंत्राला वाहन आल्याचं कळतं. वजनाचा इथे संबंध नाही, आणि लोक सायकलला चुंबक चिकटवतात त्याचाही उपयोग नाही. अ‍ॅल्युमिनियमची रिम उत्तम चालते, कार्बनची जेमतेम. चुकतं ते उभं राहण्याच्या जागेत. चौकोनाच्या मधोमध चुंबकीय क्षेत्र उभं असतं, चाकाच्या पातळीला समांतर, म्हणून ते रिममधून आरपार जातच नाही. तारेच्या बरोबर वर ते आडवं होतं आणि चाकातून जातं. तेव्हा डांबरातली ती काळी रेघ शोधून, जी रेघ आपल्या दिशेने जाते तिच्यावर दोन्ही चाकं आणून थांबायचं. वेढा मध्ये आणखी एक रेघ असलेला असेल तर मधली रेघ धरायची.

तरीही दिवा बदलला नाही तर? व्हर्जिनियात कायदा सांगतो की सिग्नलची २ आवर्तनं किंवा १२० सेकंद, यांतलं जे आधी होईल तेवढं थांबून, रस्ता मोकळा बघून निघा. अशी तरतूद नसेल तिथे उतरायचं, झेब्रावरून पादचाऱ्यांच्या दिव्याने पलीकडे जायचं आणि पुन्हा बसायचं. आणि त्या सिग्नलची तक्रार करायची. नुसतं ‘सिग्नल चालत नाही’ असं लिहिलं तर कुणीतरी मोटार घेऊन येतो, दिवा हिरवा होतो, तक्रार बंद. खांबावरचा क्रमांक, आपण कोणत्या दिशेने येतो, कोणती लेन, किती वाजता, किती आवर्तनं गेली, हे लिहायचं. मागणीही नेमकी करायची: त्या वेढ्याची संवेदनक्षमता सायकल ओळखेल एवढी वाढवा, आणि कुठे उभं राहायचं याची खूण रस्त्यावर रंगवा. पहिलं काम कंट्रोलरच्या पेटीत होतं, त्यासाठी रस्ता खणावा लागत नाही.